बारदाना वजा

आमच्या घरात मोजणी ‘एक’पासून सुरू होत नसे, ‘लाभ’पासून होई. पायलीनं ज्वारी मोजताना पहिलं माप टाकलं की तोंडानं ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की बरकत अडते, अशी समजूत. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जळकोटच्या बाजारात भुसाराचं दुकान होतं, दुकानामागेच घर, त्यामुळे दुकानातल्या रीतीभाती घरात यायला वेळ लागायचा नाही. अव्वा, माझी आई, टोपल्यातल्या भाकरी मोजायची त्या लाभपासून, आत्या गोवऱ्या मोजायची त्याही लाभपासून. मी शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर काढलेला पहिला आकडा बघून मोठ्यानं ‘लाभ’ म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते बिरादार गुरुजी, स्वतः शेतकऱ्याचे, त्यांना सगळं ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले की बाई, ते लाभ-बिभ बाजारात ठेवून येत जा. मी फार दिवस ते बाजारात ठेवून यायला विसरत असे.

जळकोट तेव्हा तालुका नव्हतं, उदगीर तालुक्यातलं बाजाराचं गाव होतं. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून बैलगाड्या लागायच्या. साखळदंडाला टांगलेला मोठा काटा करकरायचा, हमाल पोतं टाकताना ‘हुं’ करायचे, आणि तोलणारा म्हातारा गफूरचाचा वजन पुकारायचा. अप्पांनी मला त्यातूनच गणित शिकवलं. शाळेत जायच्या आधीपासून मी गादीच्या कडेला बसलेली असायची. चाचा ओरडायचा, ‘एकशे तीन!’ आणि मुनिमानं तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, ‘एकशे दोन.’ कारण रिकामं पोतं एक किलोचं. त्याला बारदाना म्हणतात, आणि तो वजा केल्याशिवाय शेतकऱ्याचा माल किती ते कळत नाही. ‘पोतं कुणी खात न्हाई,’ हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. मुनिमाच्या आधी माझं उत्तर आलं की अप्पा मान हलवायचे. तोंडानं शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. ती मान एकदा खाली गेली की मला दिवसभर दुसरं काही लागायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या मानेसाठीच मी गणित शिकले.

अव्वाचं गणित निराळं होतं. तिला पाढे येत नव्हते, पाढ्यांची चाल येत होती. सकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायला बसली की मी समोर पाटावर बसायची. थाप थाप थाप, आणि त्या ठेक्यावर माझं ‘बारा दाहे विसासे’. मध्येच तिचा हात थांबला की समजायचं, कुठंतरी चुकलं. काय चुकलं हे तिला सांगता यायचं नाही. ‘न्हाई बसलं,’ म्हणायची, आणि दर वेळी खरंच चुकलेलं असायचं. एकदा मी मुद्दाम तिची परीक्षा घ्यायची म्हणून चाल जशीच्या तशी ठेवून आकडा चुकवला. तिचा हात थांबलाच. पीठ लागलेल्या मनगटानं कपाळावरचे केस मागं सारत ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘फसवायलीस व्हय गं मला?’ मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, तुझा आवाज बारीक झाला. मग तव्यावरच्या भाकरीला फुगा आला तो तिनं बोटानं फोडला आणि मला वाफाळता पापुद्रा दिला. त्या पापुद्र्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे. मी आता गॅसवर भाकऱ्या करते, बऱ्या होतात, पण पापुद्रा काढून कुणाला द्यावा असं कुणी समोर बसत नाही.

मी चौथीत गेले त्या पावसाळ्यात अव्वाच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग गावातल्या डॉक्टरची गोळी झाली, मग उदगीर झालं, आणि दिवाळीच्या आधी माझा नांदेडचा मामा येऊन तिला घेऊन गेला. नांदेडला मोठा दवाखाना होता. मामाचं घरही दवाखान्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. ती गेली तेव्हा आठ-पंधरा दिवसांत येते म्हणून गेली, वेणी घालायचं आत्याला सांगून गेली, आणि माझा धाकटा भाऊ बसू रडायला लागला म्हणून त्याचा भोवरा कुठंतरी लपवून ठेवून गेली. आल्यावर देते म्हणाली. बसू तेव्हा बालवाडीत जाण्याएवढा. त्याला अव्वापेक्षा भोवऱ्याचीच जास्त आठवण येते असं आत्या म्हणायची. तसं नव्हतं. भोवऱ्याचं नाव घेऊन रडता येत होतं, एवढंच.

घराचा आवाजच गेला. आत्या विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली, जिभेची तिखट, पण हाताची उदार. तिनं आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. पण ती भाकरी काठवटीत थापायची नाही, हातावर करायची. सकाळी थापांचा ठेका नाही म्हणून मला पाढे म्हणता येईनात. येळवस आली. आमच्याकडे त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. वर्षातला एक दिवस दुकानं बंद, रानातल्या कडब्याच्या कोपीपुढे लक्ष्मी मांडायची, भज्जी-उंडे, आणि आंबिलाचं मडकं. अव्वा आंबील आंबवायची ते बरोबर दोन वासांच्या मधलं असायचं, आंबट वासाच्या अलीकडे आणि ताकाच्या पलीकडे. आत्याचं पुढे गेलं. अप्पांनी एक घोट घेतला, लोटा खाली ठेवला आणि हरभऱ्याच्या रानात एकटेच लांब चालत गेले. आत्या आमच्यावर ओरडली की पिता का मी जनावरांना घालू? आम्ही प्यालो.

अप्पा दर शनिवारी नांदेडला जायचे आणि रविवारी यायचे. आम्हाला नेत नव्हते. आधी म्हणायचे शाळा बुडते. मग म्हणायचे दवाखान्यात लेकरांना घेत नाहीत. शेवटी आत्यानंच एकदा सांगून टाकलं की तुमच्या अव्वानंच न्यायला मना केलंय. ती वाळून गेलीय आणि लेकरांनी मला असं बघू नये म्हणते. मी विचारलं, असं म्हणजे कसं? आत्या म्हणाली, मला काय म्हायत. पदर डोळ्याला लावून ती मागच्या अंगणात गेली.

त्याच सुमारास बिरादार गुरुजींनी चौथीच्या वर्गातून मला निवडलं. गणिताची स्पर्धा निघाली होती, प्राथमिकच्या मुलांसाठी. पहिली फेरी लातूरला, आणि तिथून जे तिघं निघतील त्यांची शेवटची फेरी नांदेडला. नांदेड हा शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या शनिवारी अप्पा निघाले तेव्हा मी त्यांना सांगितलं की अव्वाला विचारा, स्पर्धेसाठी नांदेडला आले तर भेटू का? रविवारी ते परत आले, पायातल्या वहाणा काढल्या, हातपाय धुतले, लिंगपूजा केली, जेवले, आणि मग म्हणाले, ‘अव्वा म्हणली, पोरगी परीक्षेसाठी नांदेडला आली की भेटंल. तवर मी जरा बरी होते. त्याच्या आधी आणणार न्हाई, अशी मी तिला जबान देऊन आलोय.’

आता मला कळतं की अव्वा वेळ मागून घेत होती. आजाऱ्याला वाटतं, महिनाभर मिळाला तर अंगावर मांस चढेल, तोंडावर तेज येईल. स्पर्धा लांब आहे, तोवर आपण दिसण्यासारख्या होऊ, असा तिचा हिशेब असणार. मला मात्र ती अट वाटली. लातूर जिंकलं तर अव्वा, नाही जिंकलं तर नाही. नऊ वर्षांच्या पोरीला एवढा सोपा व्यवहार कुणी घालून दिला नसता तर बरं झालं असतं. अप्पांचा जन्म बाजारात गेलेला. बाजारात सौदा कागदावर होत नाही, जबानीवर होतो, आणि भाव उतरला म्हणून कुणी जबान फिरवली तर त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गाडी थांबत नाही. त्यांनी बायकोला दिलेला शब्दही त्याच वजनाचा धरला.

मग माझी तयारी सुरू झाली. गुरुजी शाळा सुटल्यावर कडुलिंबाखाली बसवायचे आणि तोंडी गणितं घालायचे. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, माझ्या तोंडून लातूरच्या त्या लोकांसमोर ‘लाभ’ जाईल. त्यामुळे मला शंभर वेळा मोजायला लावायचे, आणि मी अडखळले की खडू मारायचे. शेवटी शेवटी मी घरातही एक म्हणायला लागले आणि आत्या म्हणाली, गेली पोरगी शाळेच्या नादानं बरकत घालवायला. बसू मला रोज आठवण करून द्यायचा की अव्वा भेटली की आधी भोवऱ्याचं विचारायचं, मग बाकीचं. मी कबूल केलं होतं. आम्ही सगळे लाभच्या दारावर पहारा ठेवून बसलो होतो, दुसरं दार कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

मी पुढे गणिताचीच शिक्षिका झाले. लातूरलाच माझी बरीच नोकरी झाली, आता निवृत्त होऊन इथंच राहते. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अबॅकसचा क्लास आहे. संध्याकाळी सहा-सात वर्षांची लेकरं ओळीनं बसतात आणि हवेत बोटं नाचवत आकडे करतात. खाली आया स्कूटीवर बसून वाट बघतात. मुलांच्या स्पर्धांचे पेपर काढायला मला अजून बोलावतात, आणि पोत्याचं, डब्याचं, पेटीचं उदाहरण असलं की मी कंसात लिहिते, रिकाम्या पोत्याचे वजन धरू नये. बरोबरचे लोक हसतात. बाई, चौथीच्या पोरांना हे कशाला, म्हणतात. मी ते वाक्य काढू देत नाही.

त्या स्पर्धेसाठी लातूरला मी, अप्पा आणि गुरुजी उदगीरला गाडी बदलून गेलो. आत्यानं धपाटे बांधून दिले होते, वर लसणाची चटणी आणि दह्याचा गडवा. लातूर स्टँडवर उतरल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपलं काही खरं नाही. इतक्या रिक्षा, इतकी माणसं, आणि डाळ मिलचा तो कोरडा पिठूळ वास. पण तो वास ओळखीचा होता, आमच्या दुकानाचाच, फक्त मोठा. त्यानं मला धीर आला. सकाळी लेखी झालं, ते मला अगदी सोपं गेलं. दुपारी हॉलमध्ये यादी वाचली, तोंडी फेरीसाठी पाच जण. त्यात मी एकटीच परकर-पोलक्यातली. बाकीची मुलं बूटमोजे घातलेली, एकाच्या गळ्यात टायसुद्धा. मी दोन्ही हातांनी परकर धरून उभी होते आणि मनात एक, एक, एक म्हणत होते.

हॉलच्या खिडक्यांना पालक लोंबकळत होते. अप्पा मधल्या खिडकीत, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. प्रश्न विचारायला एक बाई होत्या, गोऱ्या, मऊ आवाजाच्या. आजही मला त्यांचा राग येत नाही. प्रश्न सुरू झाले. पहिले दोन नंबर लवकरच लागले, ती मुलं खरंच हुशार होती. तिसऱ्या जागेसाठी मी आणि तो टायवाला मुलगा बरोबरीत आलो. बाई म्हणाल्या, आता एकच प्रश्न, आधी मुलीला, तिला नाही आला तर मुलाला. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

बाईंनी वाचलं, ‘एका व्यापाऱ्याने ज्वारीची बारा पोती विकत घेतली. प्रत्येक पोत्याचे वजन शंभर किलो आहे. तर त्याने एकूण किती ज्वारी घेतली?’

मला हसू आलं असणार. इतकं सोपं. मला तर गफूरचाचाचा आवाजही ऐकू आला. मी ताडकन म्हणाले, अकराशे अठ्ठ्याऐंशी किलो.

बाईंच्या कपाळावर आठी आली, पण त्या म्हणाल्या, ‘घाई करू नको बाळ. पुन्हा एकदा विचार कर आणि सांग.’ आता मी गोंधळले. चुकलं असेल तर कुठं? मी पुन्हा करून बघितलं. बाराशे, त्यातून बारा पोत्यांचा बारदाना बारा किलो वजा. मी खिडकीकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली. नेहमीसारखी, एकदाच, खाली. ती मान बघितल्यावर जगातल्या कुठल्याही बाईनं विचारलं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं. मी म्हणाले, ‘अकराशे अठ्ठ्याऐंशी.’

‘चूक,’ बाई म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. मुलगा म्हणाला, बाराशे. टाळ्या झाल्या. मी तशीच उभी राहिले, कारण मला वाटत होतं की आता कुणीतरी त्यालाही चूक म्हणेल.

बाहेर आल्यावर गुरुजींनी कपाळाला हात लावला. अप्पा त्यांच्याशी भांडायच्याच पवित्र्यात होते. म्हणत होते, पोरीचं उत्तर बरोबर हाय, त्या बाईला पोतं म्हणजे काय हे तरी म्हायत हाय का? मी जाऊन सांगतो. गुरुजींनी त्यांचा दंड धरला. ‘अप्पा,’ ते म्हणाले, ‘ते पुस्तकातलं पोतं हाय. पुस्तकातल्या पोत्याला वजन नसतंय.’  अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना आपली ती मान आठवली.  स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला, स्वतः घेतला नाही. मी ग्लास हातात धरून विचारलं, ‘मंग आता अव्वाला कवा भेटायचं?’

‘बघू,’ अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. ते हो म्हणायचे किंवा नाही म्हणायचे.

घरी आत्यानं आकांत केला. म्हणाली, कसली जबान घेऊन बसलास, घाल ती चुलीत आणि उद्याच्या उद्या दोन्ही लेकरं घेऊन जा. अप्पा खाली बघत म्हणाले, तिनं सांगितलंय तसंच होईल. आत्या त्यांना दगड म्हणाली. मीही कितीतरी वर्षं मनात तेच म्हणत आले. अप्पा गेल्यावर, स्वतः म्हातारी व्हायला लागल्यावर, मला निराळं वाटायला लागलं. आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी लेकरांना बोलावून घेतलं की त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो आजाऱ्यालाही कळतो. अप्पांना तो अर्थ होऊ द्यायचा नव्हता. सौदा पुरा व्हायचा आहे तोवर कुणी उठून जात नाही, एवढाच वेडा आधार त्यांनी धरून ठेवला होता. तो माणूस दगड नव्हता, घाबरलेला होता. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी अप्पा नांदेडला गेले आणि रविवारी आले नाहीत. सोमवारी दुपारच्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी मामा उभा. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. मला म्हणाला, ‘चल नंदे, अक्कानं बोलावलंय, तुझ्या अव्वानं.’ मी विचारलं, पण माझा नंबर कुठं आला? तो म्हणाला, चल तर. बसूला न्यायचं की नाही यावरून आत्याशी त्याचं काही कुजबुजणं झालं, शेवटी त्याला ठेवायचं ठरलं, आणि गाडी हलली तरी बसू रस्त्यावरून पळत ‘भोवऱ्याचं इचार’ म्हणून ओरडत होता.

वाटेतलं जांब गाव मागं पडल्यावर मामा बोलायला लागला. त्यानं अव्वाला सांगितलं होतं की पोरगी लातूरला पहिली आली. अव्वाला आता अन्न जात नव्हतं, पण ते ऐकून तिनं वाटीभर पेज घेतली, मामीकडून वेणी घालून घेतली. मग म्हणाली, पहिली आली म्हणजे येणारच की आता नांदेडला. ‘मंग तुला आणायला नको का?’ मामा म्हणाला. ‘तू आता एवढंच करायचं. आत गेलीस की म्हणायचं, अव्वा, माझा पहिला नंबर आला. दुसरं काय बोलायचं न्हाई.’ मी विचारलं, अप्पा काय म्हणाले? मामा खिडकीबाहेर बघायला लागला.  मग म्हणाला, ‘अक्कानं दाजींनाच विचारलं. म्हणली, तुमी सांगा, तुमी होता नव्हं तिथं? दाजी काय बोललेच न्हाईत. उठून भाईर जाऊन बसले. त्यांना खोटं जमत न्हाई बघ. म्हणून म्हणतो, तू तरी नीट सांग.’

मी नीट सांगायचं ठरवलं. मला एकच भीती होती की माझा आवाज बारीक होईल आणि तिला कळेल. म्हणून गाडीच्या आवाजात मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले, मोठ्या आवाजात, मध्यम आवाजात, हसून, न हसता. माझा पहिला नंबर आला. माझा पहिला नंबर आला. गोदावरीचा पूल आला तेव्हा ते इतकं बसलं होतं की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. मामानं पुलावर नाणं टाकायला दिलं. मी हात जोडून आवाजाचंच मागितलं.

अव्वाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, म्हणून आम्ही दवाखान्यात जायच्या ऐवजी मामाच्या घराच्या गल्लीत वळलो. वळणावरच एका माणसानं मामाला बाजूला घेतलं आणि मामानं माझा हात सोडून दिला. घरापुढे माणसं उभी होती. अप्पा पायरीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण उठले नाहीत, ये म्हणाले नाहीत. मी त्यांच्या शेजारून आत गेले.

अव्वा बसलेली होती. समोरच्या भिंतीला टेकून, हिरवं लुगडं नेसून, वेणी घालून, कपाळावर विभूती, गळ्यात फुलं. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, असं बसवतात. मला ते माहीत नव्हतं. गावात कुणाकडे मरण झालं की लेकरांना लांब पाठवायची रीत होती. तिथं बसलेल्या बायकांच्या तोंडाकडे बघून मला काही कळलं होतं की नव्हतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला एवढंच आठवतं की ती बसलेली बघून मला आनंद झाला. ती वाळली होती हे खरं, पण ओळखू न येण्यासारखी काही नव्हती. उगीच ती आम्हाला भीत होती.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि परकर दोन्ही हातांनी धरून म्हणाले, ‘अव्वा, माझा पहिला नंबर आला.’ आवाज कुठंही बारीक झाला नाही. बायकांचं रडणं एकदम थांबलं. मामी माझ्याकडे हात पुढे करून तशीच राहिली. मी अव्वाच्या तोंडाकडे बघत होते, ती काहीतरी म्हणेल म्हणून. मग मागं पावलं वाजली. अप्पा आत आले, माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘हाव गं,’ ते अव्वाला म्हणाले. ‘पहिली आली पोरगी. मी होतो तिथं.’